एओएल, दोन बाळं आणि वीस लाख डॉलर

६ फेब्रुवारी २०१४, गुरुवार. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचे तिमाही निकाल त्या दिवशी आले आणि ते चांगले होते. वर्षाचा महसूल २३० कोटी डॉलरच्या वर गेला होता. पण त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांमध्ये दुसऱ्याच बातमीची कुजबुज होती. त्यांच्या निवृत्तिनिधीत, म्हणजे तिकडच्या ४०१(के) खात्यात, कंपनी आपला जो वाटा घालते तो आता दर पगाराला जमा होणार नव्हता. वर्ष संपल्यावर एकरकमी मिळणार होता. ३१ डिसेंबरच्या आधी नोकरी सोडली किंवा गेली, तर त्या वर्षाचा वाटा बुडाला. आयबीएमनं असाच बदल वर्षभर आधी जाहीर केला होता, तेव्हा ही काही एओएलची नवी कल्पना नव्हती.

सीईओ टिम आर्मस्ट्राँग यांनी सीएनबीसी वाहिनीवर कारण सांगितलं ते ओबामाकेअरचं, म्हणजे अध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचं. या कायद्यामुळे कंपनीवर ७१ लाख डॉलरचा जादा बोजा पडतोय, तो सगळा कर्मचाऱ्यांवर टाकायचा की दुसऱ्या सवलती कापून भरून काढायचा, असा पेच होता म्हणे. एवढ्यावर थांबले असते तर प्रकरण दोन दिवसांत विरून गेलं असतं. पण कर्मचाऱ्यांबरोबरच्या कॉन्फरन्स कॉलवर त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. २०१२ मध्ये कंपनीतल्या दोघांची बाळं जन्मतःच अत्यवस्थ होती, ती वाचावीत म्हणून कंपनीनं प्रत्येकी दहा लाख डॉलर मोजले, आणि अशाच गोष्टींमुळे सवलतींवरचा खर्च फुगत जातो.

नावं घेतली नाहीत, पण घ्यायची गरजही नव्हती. एओएलमध्ये तेव्हा सुमारे पाच हजार माणसं होती. कोण बाळंतपणाच्या वेळी अचानक महिनोन्महिने रुग्णालयात खेटे घालत होतं, हे शेजारच्या टेबलावरच्यांना ठाऊक असतं. तीन दिवसांत त्यातल्या एका बाळाच्या आईनं जाहीर लेख लिहिला. कर्मचारी तिचा नवरा होता आणि विमा त्याच्या नोकरीतून मिळालेला होता. तोवर, शनिवारी ८ तारखेला, आर्मस्ट्राँग यांनी माफी मागितली होती आणि ४०१(के)चा बदलही मागे घेतला होता. (सहाच महिन्यांपूर्वी याच गृहस्थांनी शेकडो लोकांच्या कॉलवर एका सहकाऱ्याला फोटो काढल्याबद्दल जागच्या जागी नोकरीवरून काढलं होतं. कॉन्फरन्स कॉल हा प्रकार त्यांना लाभत नसावा.)

माध्यमांनी हे प्रकरण निर्दय सीईओ आणि निष्पाप बाळं असं रंगवलं आणि सोडून दिलं. आर्मस्ट्राँग यांचा २०१२ चा मोबदला सुमारे १.२ कोटी डॉलर होता, तेव्हा टीका सोपी होती. मला मात्र यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. अमेरिकेत 'सोशलाइज्ड मेडिसिन', म्हणजे सरकारनं चालवलेलं वैद्यक, म्हटलं की अर्ध्या देशाच्या अंगावर काटा येतो, आणि तोच देश नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्याला मुक्त बाजाराची देणगी मानतो. सुमारे १५ कोटी लोकांचा विमा त्या काळी नोकरीतूनच येत होता. एओएलच्या या दोन दिवसांत त्या विम्याचं यंत्र उघडं पडलं. आत डोकावलं तर जे दिसतं ते त्या धास्तावणाऱ्या गोष्टीपासून किती लांब आहे?

पैसा फिरतो कसा

एओएलची योजना सेल्फ-फंडेड प्रकारची होती. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण ती कंपनी फक्त कागदपत्रं हाताळते, डॉक्टरांचे दर ठरवते, क्लेम तपासते. बिलाचे पैसे मालकाच्या खात्यातून जातात. २०१३ मध्ये नोकरीतून विमा असलेल्या अमेरिकी कामगारांपैकी ६१ टक्के अशा योजनांत होते. खऱ्या अर्थानं विमा कंपनीनं जोखीम घ्यावी, अशी व्यवस्था मोठ्या कंपन्यांत केव्हाच मागे पडली आहे. अगदी मोठ्या बिलांसाठी अनेक कंपन्या ठरावीक रकमेपलीकडचा खर्च भरून देणारं वेगळं स्टॉप-लॉस संरक्षण विकत घेतात, एवढंच.

म्हणजे पाच हजार माणसं आणि त्यांची कुटुंबं मिळून एक गंगाजळी. तिच्यात सगळे सारखं टाकतात, गरज पडेल तो काढतो. चोवीस वर्षांचा धडधाकट प्रोग्रामर आणि हृदयाची शस्त्रक्रिया झालेला अठ्ठावन्न वर्षांचा लेखापाल एकाच योजनेत असतील तर पगारातून सारखाच हप्ता कापला जातो. १९९६ च्या हिपा या आरोग्यविम्याविषयीच्या कायद्यानं तर आजारपण पाहून गटातल्या एखाद्याकडून जास्त हप्ता घ्यायला बंदीच घातली. निरोग्यानं आजाऱ्याचा भार उचलायचा, आपल्याला त्यातून कधी काही मिळेल की नाही हे न विचारता. समाजवाद म्हणून ज्याला शिव्या घातल्या जातात त्याची पहिली अट इथे पूर्ण होते, आणि तीही एचआर विभागाच्या माहितीपत्रकात 'सवलत' या सदराखाली.

त्या दोन बाळांचा हिशेब करून पाहू. वीस लाख भागिले पाच हजार म्हणजे माणशी ४०० डॉलर. झळ बसावी एवढी रक्कम आहे, कंपनी बुडावी एवढी नाही. पन्नास माणसांच्या छोट्या कारखान्यात हाच भार माणशी ४०,००० डॉलर झाला असता आणि मालकानं बहुधा योजनाच गुंडाळली असती. आणि तेव्हाच्या ३१ कोटींहून जास्त अमेरिकनांवर वाटला असता तर प्रत्येकी एक सेंटही झाला नसता. गटाचा आकार सोडला तर तिन्ही ठिकाणी बाकी काहीच बदललेलं नाही. तीच बाळं, तोच अतिदक्षता विभाग, तेच बिल.

आर्मस्ट्राँग यांच्या उदाहरणातली खरी चूक मला इथे दिसते. त्यांनी या बाळांकडे अपघात म्हणून पाहिलं. पण अमेरिकेत शंभरातलं जवळपास एक मूल अठ्ठावीस आठवड्यांच्याही आत जन्मतं. तरुण कर्मचारी भरपूर असलेल्या पाच हजारांच्या कंपनीत अधूनमधून असं एखाददुसरं मूल येणारच. ज्या घटना हमखास घडतात पण कोणाच्या घरी घडतील ते माहीत नसतं, त्यांच्यासाठीच गंगाजळी असते. ती वापरली गेली म्हणून तक्रार करायची, तर ती जमवली कशाला?

कोणाच्या खिशातून

आता त्या दहा-दहा लाखांकडे येऊ. ते कंपनीनं मोजले, असं सीईओ म्हणाले. चेकवर सही कंपनीची होती हे खरं. २०१३ मध्ये अमेरिकेत नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता १६,३५१ डॉलर होता. त्यातले ४,५६५ कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात, उरलेले ११,७८६ मालक भरे. पण बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात की मालकाचा तो वाटाही शेवटी कामगाराच्या पगारातूनच येतो. माणूस ठेवायला कंपनीला एकूण किती खर्च येतो ते ती पाहते. विम्यावर जास्त गेलं की पगारवाढीला कमी उरतं. तेव्हा बाळांचं बिल भरलं ते त्यांच्या आईवडिलांनी आणि सहकाऱ्यांनी, न मिळालेल्या पगारातून. कंपनीच्या औदार्याचा हा सगळा आव म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

शिवाय या व्यवहाराला तिसरा भागीदार आहे, तो म्हणजे सरकार. मालकानं भरलेल्या ११,७८६ डॉलरवर कर्मचाऱ्याला आयकर लागत नाही. ही सूट आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या कायद्यानं पगार गोठवले, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. माणसं मिळेनात तेव्हा कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला. १९५४ च्या करसंहितेनं ती सूट पक्की करून टाकली. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबानं २०१३ मध्ये या सुटीपोटी सरकारनं सोडलेली रक्कम २४,८०० कोटी डॉलर होती. मुक्त बाजारातला खासगी करार म्हणवणाऱ्या गोष्टीला मिळालेलं हे सरकारी अनुदान आहे, फक्त कोणत्याही खात्याच्या खर्चात ते दिसत नाही. मालकाकडून विमा न मिळणारी हॉटेलातली वेट्रेस कर भरते आणि त्या भरण्यात याचाही भार असतो.

अनुदान वाटलं जातं तेही उलट्या क्रमानं. २०१३ मध्ये सर्वांत वरच्या ३९.६ टक्क्यांच्या करटप्प्यातल्या अधिकाऱ्याला ११,७८६ डॉलरवर साधारण ४,६६७ डॉलरची आयकरबचत होत होती. १५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या कारकुनाची बचत १,७६८. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. तोही नोकरीशी जोडलेला, मालक-कामगार दोघांच्या वर्गणीतून चालणारा. पण वर्गणी पगाराच्या प्रमाणात. ज्याचा पगार मोठा त्याची वर्गणी मोठी. एओएलच्या विम्याचं रूप पाहिलं तर तो बिस्मार्कच्याच घराण्यातला वाटतो, फक्त वर्गणीत पगार बघायचं विसरून गेलेला.

लाल बावट्याची भीती

कोणी म्हणेल, हे सगळं मान्य, पण सोशलाइज्ड मेडिसिन म्हणजे सरकारी रुग्णालयं आणि सरकारी पगारावरचे डॉक्टर. काटेकोर अर्थानं बरोबर आहे. ब्रिटनची ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली एनएचएस ही राष्ट्रीय आरोग्यसेवा तशी आहे. अमेरिकेतच माजी सैनिकांची रुग्णालयं तशी आहेत आणि त्यांना कोणी कम्युनिस्ट म्हणत नाही. एओएलच्या बाळांवर उपचार करणाऱ्यांना पगार ना एओएलकडून मिळत होता ना सरकारकडून. त्या बाजूनं साम्य शून्य.

पण अमेरिकेत हा शिक्का कधीच इतक्या काटेकोरपणे मारला गेला नाही. १९३७ मध्ये वॉशिंग्टनला एका सरकारी गृहकर्ज संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी ग्रुप हेल्थ असोसिएशन काढली. महिन्याला ठरावीक वर्गणी, पगारी डॉक्टर, आणि सुरुवातीला त्या संस्थेकडून थोडी मदत. आज कोणत्याही कंपनीत शोभेल अशी योजना. पण अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि स्थानिक डॉक्टरांची संघटना तिच्यावर तुटून पडल्या. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांना संघटनेतून काढण्याच्या धमक्या दिल्या, रुग्णालयांना त्यांच्यासाठी दारं बंद करायला लावलं. ठरावीक वर्गणीतून चालणारं कोणतंही वैद्यक त्या काळी डॉक्टरांच्या पुढाऱ्यांना समाजवादी वाटत होतं. शेवटी सरकारनं मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही संघटनांची शिक्षा कायम केली.

पुढे सहा वर्षांत कोलांटउडी झाली. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला होता. १९४९ मध्ये याच मेडिकल असोसिएशननं व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचार कंपनीला हाताशी धरून त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि या वेळी औषध म्हणून पुढे केला तो खासगी, ऐच्छिक विमा. म्हणजे जो प्रकार बारा वर्षांपूर्वी पाप होता तोच आता पापापासून वाचवणारा ठरला. वर्गणीचं गणित तेच होतं. फक्त पुढचा धोका बदलला होता.

पाळण्यातला विमा

ओबामाकेअरचा आर्मस्ट्राँग यांना राग होता, पण त्याच कायद्याचं एक कलम या प्रकरणात बाळांच्या बाजूचं होतं, आणि त्याची चर्चा फारशी झाली नाही. त्याआधी बऱ्याच योजनांत आजीवन मर्यादा असायची, कुठे दहा लाख, कुठे वीस. २३ सप्टेंबर २०१० नंतर सुरू होणाऱ्या योजनावर्षांपासून अशा मर्यादांवर बंदी आली. दहा लाखांची मर्यादा असलेल्या जुन्या योजनेत ही बाळं जन्मली असती, तर त्यांचा आयुष्यभराचा विमा पाळण्यातच संपला असता. घरी आल्यावर चष्मा, फिजिओथेरपी, फुप्फुसांचा त्रास, सगळं आईबापांच्या खिशातून.

मर्यादा मालकाच्या हातात असली की काय होतं याचा टेक्ससमध्ये एक खटला झाला होता. एच अँड एच म्युझिक या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला एड्स झाल्याचं निदान झालं आणि त्यानं ते कंपनीला सांगितलं. कंपनीच्या योजनेत आजीवन मर्यादा दहा लाख डॉलर होती. १९८८ मध्ये कंपनीनं योजना बदलून ती सेल्फ-फंडेड केली आणि एड्सपुरती मर्यादा पाच हजार डॉलरवर आणली. बाकी आजारांची होती तशीच. कर्मचारी कोर्टात गेला. १९९१ मध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. १९७४ च्या एरिसा या कर्मचारी-सवलतींविषयीच्या कायद्यानुसार, मालकानं आरोग्यविम्यात काय द्यावं याची सक्ती नाही आणि दिलेलं बदलायचा त्याला अधिकार आहे, असा त्याचा आशय. पुढे अपंगत्वविषयक कायदा आणि ओबामाकेअर आल्यानं आज असं उघडपणे करणं अवघड आहे.

हा खटला वाचताना मला साम्य आणि फरक दोन्ही एकदम स्पष्ट दिसले. सरकारी योजनेत एड्सची मर्यादा दोनशे पटींनी खाली आणायची तर कोणाला तरी विधेयक मांडावं लागेल, मतदान घ्यावं लागेल, वर्तमानपत्रात नाव छापून येईल, पुढच्या निवडणुकीत उत्तर द्यावं लागेल. टेक्ससच्या त्या कंपनीला यातलं काहीच करावं लागलं नाही. आणि कर्मचारी तरी काय करणार? नोकरी सोडली तर विमाही जातो. १९८५ च्या कोब्रा कायद्यानं साधारण अठरा महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण मालकाच्या वाट्यासह पूर्ण हप्ता अधिक दोन टक्के स्वतः भरून, आणि तेही पगार बंद झालेला असताना.

सरकारी वैद्यकाच्या विरोधात नेहमी सांगितलं जातं की बाबू ठरवतील तुम्हाला कोणता उपचार मिळणार, तुमची खासगी माहिती त्यांच्या टेबलावर जाईल, निवड तुमच्या हातात राहणार नाही. एओएलमध्ये यातली कोणती गोष्ट घडली नाही? कोणती योजना घ्यायची ते कंपनीनं ठरवलं, डॉक्टरांची यादी कंपनीनं नेमलेल्यानं ठरवली, आणि दोन अर्भकांच्या उपचाराचं बिल हजारो लोकांपुढे उदाहरण म्हणून वाचलं गेलं. कायद्यानं विम्याची माहिती आणि मालकाची कचेरी यांच्यात भिंत असायला हवी. म्हणूनच त्या आठवड्यात सीईओंना हा तपशील मुळात कळला कसा, असे प्रश्न विचारले गेले. एनएचएसच्या एखाद्या मंत्र्यानं संसदेत उभं राहून असं उदाहरण दिलं असतं तर त्याची खुर्ची राहिली नसती. आर्मस्ट्राँग यांची राहिली.

तेव्हा माझं उत्तर असं. पैशाच्या बाजूनं हा विमा समाजवादीच आहे: निरोगी माणूस आजाऱ्याचं भरतो, सरकार अनुदान देतं, आणि वर्गणी पगारातून, तुम्ही सही करण्याआधीच कापलेली असते. सत्तेच्या बाजूनं तो तसा अजिबात नाही. सार्वजनिक व्यवस्थेत सक्तीच्या बदल्यात मत मिळतं. इथे सक्तीसारखंच काहीतरी आहे, पण मत नाही. छोट्या संस्थानातला राजा दयाळू असेल तर उत्तम. नसेल तर दुसरं संस्थान शोधायचं, तेही आजारी मूल कडेवर घेऊन. उजव्या बाजूच्या काही लोकांनी या व्यवस्थेला 'खासगी समाजवाद' ठरवून ती मोडून प्रत्येकानं स्वतःचा विमा स्वतः घ्यावा, असा मार्ग सुचवला आहे. त्यात संस्थानिक जाईल हे खरं, पण गंगाजळीही जाईल, आणि त्या बाळांना पाच हजारांचा आधार होता तोही उरणार नाही. मला तो उपाय रोगापेक्षा भारी वाटतो.

आर्मस्ट्राँग यांचा निर्णय दोन दिवसांत फिरला तो तरी कशामुळे? नियमामुळे नाही, कोर्टामुळे नाही, विमा खात्याच्या नोटिशीमुळेही नाही. एरिसामुळे सेल्फ-फंडेड योजना राज्यांच्या विमा कायद्यांच्या कक्षेबाहेर असतात. तो फिरला बदनामीमुळे, आणि बदनामी झाली कारण कंपनी बातम्यांच्या धंद्यात होती. हफिंग्टन पोस्ट हे बातम्यांचं संकेतस्थळ एओएलचंच होतं. तिथल्या लोकांना लिहिता येतं आणि छापून आणणारे मित्र असतात. कत्तलखान्यात किंवा गोदामात असंच काही बोललं गेलं असतं तर ते भिंतीबाहेर आलं असतं का, मला शंका आहे.

२०१५ मध्ये व्हेरायझन या दूरसंचार कंपनीनं एओएल ४४० कोटी डॉलरना विकत घेतली. व्हेरायझनच्या पटावर तेव्हा १,७७,००० च्या आसपास माणसं होती. तेच वीस लाख डॉलर तिथे वाटले तर माणशी अकरा डॉलर पडतात, सीईओच्या भाषणात यायचीही लायकी नसलेली रक्कम. व्हेरायझनच्या जुन्या टेलिफोन विभागातल्या कामगारांच्या युनियन आहेत आणि विम्याचा हप्ता, मर्यादा, वाटा या गोष्टी तिथे वाटाघाटीत ठरतात. २०१६ च्या वसंतात त्यांचे जवळपास चाळीस हजार कामगार सहा आठवड्यांहून जास्त काळ संपावर होते आणि आरोग्यविमा हा भांडणातला एक मुद्दा होता. त्याच वर्षी जानेवारीत हफिंग्टन पोस्टच्या संपादकीय विभागातल्या अडीचशेहून अधिक लोकांनीही रायटर्स गिल्डच्या पूर्व शाखेत नाव नोंदवलं आणि कंपनीनं त्यांच्या युनियनला मान्यता दिली.